बॅकअप डायल-अप लागत नाही? आधी रिसीव्हर कानाला लावा

मृगाचा पाऊस सुरू झाला आणि आमच्या बँकेच्या खानापूर शाखेची लीज लाइन, म्हणजे मुख्य ऑफिसशी कायम जोडलेली भाड्याची लाइन, बसली. अशा वेळी साध्या फोन लाइनवरून मॉडेमने बेळगावच्या मुख्य ऑफिसला जोडणारं बॅकअप डायल-अपही उठेना. लॉगमध्ये एकच ओळ: नो कॅरियर, म्हणजे पलीकडच्या मॉडेमचा सिग्नलच मिळाला नाही. काउंटरसमोर माणसं पासबुक धरून ताटकळलेली आणि मी राउटरचं कॉन्फिगरेशन उपसत बसलेलो. शेवटी मॉडेमची वायर काढून साधा फोन लावला, बेळगावचा कोड ०८३१ फिरवला, तर कन्नडमधून रेकॉर्ड वाजली: या फोनवर ही सोय नाही. बिल वाचवायला कुणीतरी एसटीडी, म्हणजे बाहेरगावी फोन करायची सोय, बंद केली होती.

लाइन न ऐकताच राउटरमध्ये शिरणं ही सगळ्यात मोठी चूक. खरखर असेल तर भिंतीवरचा जॉइंट बॉक्स उघडा. पावसाळ्यात आतल्या स्क्रूंवर हिरवा गंज चढलेला असतो. त्याच लाइनवर जोडलेला दुसरा (पॅरलल) फोन काढा, कॉल वेटिंग बंद करा. पलीकडे नुसती रिंगच जात असेल तर तिथल्या मॉडेमचं ऑटो-आन्सर, म्हणजे कॉल आपोआप उचलणं, चालू आहे का पाहा. किती रिंगनंतर कॉल उचलायचा हे ठरवणाऱ्या एस-शून्य रजिस्टरमध्ये १ घालून सेव्ह केलं नसेल, तर वीज जाऊन आली की ते पुन्हा ० होऊ शकतं. तांब्याची लाइन काढून फायबरवर फोन दिला असेल तर मॉडेम नीट चालेल याची खात्री धरू नका. दोन्हीकडे साध्याच लाइनी असतील तर वेग ३३.६ केबीपीएसच्या वर जात नाही, मॉडेमवर ५६के छापलेलं असलं तरी.

कॉल लागून लगेच तुटतो? मग चॅप तपासा, म्हणजे दोन्ही राउटर नाव आणि पासवर्डवरून एकमेकांची ओळख पटवतात ती पद्धत. १ नोव्हेंबर २०१४ला बेळगामचं बेळगावी झालं. त्यानंतर कुणी एका राउटरचं नाव बदललं आणि दुसऱ्यावर युजरनेम जुनंच राहिलं, की पासवर्ड बरोबर असूनही ओळख पटत नाही.

राउटिंगमध्ये, म्हणजे डेटा कोणत्या वाटेने पाठवायचा हे ठरवण्यात, फार जण फसतात. बॅकअपच्या स्टॅटिक (हाताने लिहिलेल्या) रूटला डिस्टन्स दिला नाही तर तो १ राहतो आणि मुख्य लाइनवर आपोआप वाट शोधणाऱ्या ओएसपीएफच्या ११०ला मागे टाकतो, कारण कमी आकड्याची वाट आधी निवडली जाते. मुख्य लाइन धडधाकट असताना फोन लागतो. २०० द्या. ओएसपीएफचे हॅलो, म्हणजे शेजारचा राउटर जिवंत आहे का हे पाहणारी पॅकेट्स, डायलर-लिस्टमधून (कोणत्या डेटासाठी फोन लावायचा त्या यादीतून) वगळा, नाहीतर दर १० सेकंदांनी एक पॅकेट जाऊन १२० सेकंद काही न गेल्यास कॉल तोडणारा आयडल टायमर कधी संपतच नाही. बिल आलं की मग कळतं.

महिन्यातून एकदा लीज लाइनची केबल हाताने उपसून बघा. नुसता पिंग नको, काउंटरवरून एक खरी एन्ट्री जाऊ द्या.

आणि लाइनमनला एवढं नक्की विचारा: लीज लाइन आणि फोन एकाच केबलमधून येतात का? तसं असेल तर जेसीबीच्या एका फटक्यात दोन्ही जातील. फोनसाठी दुसऱ्या खांबावरून तारांची जोडी मागून घ्या.