गाडीचा हेडलाइट घरीच काढताना

उजव्या हेडलाइटच्या काचेत आतून सतत बाष्प धरू लागल्यामुळे तो संपूर्ण काढून तपासण्याचे मी ठरवले. दिवे थंड होऊ दिले आणि बॅटरीची ऋण जोडणी सोडवली. बॉनेट उघडल्यावर वरचे दोन बोल्ट समोरच दिसले व १० मिलिमीटरच्या पान्याने सहज निघाले. काम संपलेच असे वाटले, परंतु तिसरा बोल्ट बंपरच्या कडेमागे दडलेला होता आणि तो न काढताच दिवा ओढल्यामुळे प्लास्टिकचा एक कान तुटता तुटता वाचला. मग बंपरच्या क्लिपा, त्यांची मधली खुंटी आधी उचलून, काढल्या आणि कड थोडी पुढे घेतली. कनेक्टर काढताना वायर ओढू नये. खटका दाबून धरूनच तो मागे घ्यावा. दोष अगदीच क्षुल्लक निघाला: बल्बमागचे रबरी झाकण नीट बसलेले नव्हते. आतील ओल पूर्ण वाळल्यावरच ते घट्ट बसवले. हॅलोजन बल्बच्या काचेला मात्र बोट लावले नाही, कारण त्वचेचे तेल लागलेली जागा अधिक तापते व बल्ब लवकर जातो. शेवटी सपाट जागी भिंतीसमोर गाडी उभी करून दोन्ही झोतांची उंची जुळवून घेतली.