लुआरचं खोरं: आंबा उतरल्यावर फ्रान्सला निघणाऱ्यांसाठी

हल्ली आमच्या राजापूर-लांजा पट्ट्यात घरटी एकतरी पोरगं युरोपात असतं, मग कधीतरी आई-बाबांचं तिकीट येतं, आणि मग प्रश्न येतो की पॅरिस झाल्यावर काय बघायचं. टूरवाले काय करतात, दहा दिवसात सहा देश, बसमधून उतर, फोटो काढ, परत बसमध्ये चढ. घरी आल्यावर कुठला फोटो कुठला ते पोरांना विचारावं लागतं. माझं ऐकाल तर पॅरिसनंतर चार-पाच दिवस मोकळे ठेवा आणि लुआर नदीच्या खोऱ्यात जाऊन बसा. आणि तिकडे गेल्यावर राजवाडे मोजत सुटू नका, सकाळी एक बघा आणि उरलेला दिवस नदीला द्या. खाडीकाठच्या माणसाला ते खोरं नदीकडूनच लवकर कळतं.

आधी थोडक्यात माहिती. लुआर ही फ्रान्समधली सगळ्यात लांब नदी, हजार किलोमीटरच्या वर, दक्षिणेकडच्या डोंगरात उगम आणि पश्चिमेला अटलांटिक समुद्रात शेवट. मधला साधारण २८० किलोमीटरचा पट्टा २००० साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतला. इंग्रजांबरोबरच्या शंभर वर्षांच्या युद्धात पॅरिस हातचं गेलं तेव्हा फ्रान्सचा राजदरबार या बाजूला सरकला, १४२९ मध्ये जोन ऑफ आर्क पहिल्यांदा राजपुत्राला भेटली ती इथल्याच शिनाँच्या किल्ल्यात. युद्ध संपल्यावरही राजांना जागा आवडली असणार, कारण पुढची शंभरेक वर्षं ते इथेच वाडे बांधत बसले. त्यांना शातो म्हणतात. सुवर्णदुर्ग-विजयदुर्ग डोक्यात ठेवून जाल तर निराश व्हाल हां, बुरुज दिसतात पण बहुतेक शोभेचे, बाकी सगळा थाटमाट.

कधी जायचं? एप्रिल-मे आपल्याला जमतच नाही, आंबा असतो. गणपती सोडून कोण जाणार, म्हणजे तेही गेलं. राहिला जून, म्हणजे कलमं उतरली की लगेच, आणि दुसरा दसऱ्याच्या आसपास. जून बेस्ट, कारण तिकडे रात्री दहापर्यंत उजेड असतो, जेवून परत नदीवर चक्कर मारता येते. व्हिसाचं मात्र आंब्याच्या धांदलीत राहून जातं, म्हणून शिमगा झाला की कामाला लागा. फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा लागतो (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालतो तो), त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान तीस हजार युरोचं कव्हर असलेला प्रवासी विमा लागतो आणि बोटांचे ठसे द्यायला मुंबईला व्हिसा सेंटरवर स्वतः जावं लागतं, एजंट कितीही म्हणाला की मी बघतो तरी. एप्रिल-मे मध्ये अपॉइंटमेंट मिळायची मारामार असते.

मुक्काम एकाच ठिकाणी करा, तूर किंवा आंब्वाज. रोज हॉटेल बदलून बॅगा ओढण्यात अर्धी सुट्टी जाते. तूर मोठं शहर आहे, पॅरिसच्या माँपारनास स्टेशनवरून फास्ट ट्रेन तासाभरात सें-पिएर-दे-कोर नावाच्या स्टेशनला सोडते आणि तिथून पाच मिनिटांची छोटी ट्रेन शहरात नेते. आंब्वाज छोटं गाव, नदीकाठी, आणि मला विचाराल तर म्हाताऱ्या माणसांना घेऊन तिथेच राहावं, सगळं चालत होतं. तूरहून आंब्वाजला लोकल ट्रेनने वीसेक मिनिटं. शेनाँसोच्या वाड्याला तर स्टेशन गेटसमोरच आहे. शांबोरच्या वाड्याला ट्रेन नाही, ब्लुआ स्टेशनला उतरून तिथून सीझनमध्ये बस असते, तिच्या वेळा आदल्या दिवशीच बघून ठेवा, कारण ती चुकली की दिवस गेला. गाडी घेणार असाल तर आपल्या लायसनबरोबर आरटीओकडून इंटरनॅशनल परमिट काढून न्या, आणि तिकडे गाडी उजव्या बाजूने चालवायची असते हे पहिल्याच चौकात आठवायला नको.

आता वाडे. एकच बघायचा असेल तर शेनाँसो बघा, माझं स्पष्ट मत. हा वाडा नदीवर आहे, म्हणजे काठावर नव्हे, शेर नावाची लुआरची उपनदी आहे तिच्या पात्रात खांब घालून आरपार. हेन्री दुसरा या राजाने तो आपल्या आवडत्या बाईला, दियान द प्वातिएला दिला, तिने नदीवर पूल बांधून घेतला, १५५९ मध्ये राजा गेला तशी राणी कॅथरिन द मेदिचीने तिला तिथून बाहेर काढून बदल्यात शोमाँचा वाडा दिला आणि त्या पुलावर साठ मीटर लांबीचा दोन मजली दिवाणखाना चढवला. सवती-सवतीचं भांडण, पण बांधकाम काय झालंय! स्वयंपाकघर चुकवू नका, ते खाली पुलाच्या खांबांच्या पोटात आहे, तांब्याची भांडी ओळीने टांगलेली आणि होडीतून आलेला माल थेट आत घ्यायला धक्का. पहिल्या महायुद्धात त्या दिवाणखान्यात हॉस्पिटल होतं, दुसऱ्या महायुद्धात नदी हीच जर्मनांच्या ताब्यातल्या आणि न घेतलेल्या भागामधली हद्द होती, म्हणजे पुढचं दार एका बाजूला आणि मागचं दार दुसऱ्या बाजूला, लोक त्यातून पळून जायचे.

शांबोर अवाढव्य आहे. फ्रान्स्वा पहिला या राजाने १५१९ मध्ये काम सुरू केलं, चारशेच्या वर खोल्या, भोवती ३२ किलोमीटरची भिंत घातलेलं जंगल, आणि बत्तीस वर्षांच्या कारकिर्दीत हा गडी तिथे जेमतेम ७२ दिवस राहिला. मुंबईकरांच्या गावाकडच्या बंगल्याचं पण असंच असतं म्हणा. तिथे बघायचा तो मधला जिना. दोन जिने एकमेकांत गुंफलेले आहेत, एकाने एकीकडून चढायचं दुसऱ्याने दुसरीकडून, मधल्या खिडक्यांतून दोघं एकमेकांना दिसतात पण वर जाईपर्यंत भेट होत नाही. नवरा-बायकोने करून बघा, मजा येते. मग गच्चीवर जा, ती धुराड्यांची नि मनोऱ्यांची गर्दी वरूनच बघायची. खालच्या सगळ्या खोल्या बघायच्या नादाला लागू नका, बऱ्याच रिकाम्या आहेत.

या जिन्यामागे लिओनार्दो दा व्हिंचीचं डोकं असावं असं म्हणतात. हा माणूस फ्रान्स्वाच्या बोलावण्यावरून १५१६ मध्ये आंब्वाजला आला आणि २ मे १५१९ ला तिथेच वारला. क्लो ल्यूसे हे त्याचं घर, त्याच्या चित्रांवरून बनवलेली यंत्रं बागेत मांडली आहेत, काही मुलांना फिरवता येतात. समाधी आंब्वाजच्याच वरच्या शातोच्या छोट्या चॅपेलमध्ये. व्हिलाँद्रीला फक्त बागेसाठी जा, तिथे भाजीचा मळा रांगोळीसारखा चौकोनात लावलेला आहे, कोबीसुद्धा रंग बघून. बागायतदार माणूस असाल तर दोन तास जातील, नसाल तर अर्धा. ब्लुआचा वाडा संध्याकाळी उरकता येतो.

आता खरी गंमत, जी टूरवाले दाखवत नाहीत. हे सगळे पांढरे वाडे ज्या दगडाचे आहेत त्याला त्यूफो म्हणतात, नऊ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात साठलेला मऊ चुनखडीचा दगड. नखाने खरवडलं तरी पीठ पडतं आणि भिंतीला टेकलात तर शर्टची पाठ पांढरी. आपल्याकडे चिरेखाण वरून खाली जाते, जांभा संपला की मागे खड्डा उरतो आणि पावसात त्याचं तळं होतं. तिकडे खाण आडवी डोंगराच्या पोटात गेली, त्यामुळे दगड काढून झाला की मागे आयती खोली तयार. लोक त्यात राहायलाच गेले! सोम्यूर गावाच्या बाजूला नदीकाठच्या कड्यात अजून अशी घरं आहेत, पुढे नीट दार-खिडकी पडदे कुंड्या, वर कड्यावर गवत नि त्या गवतातून वर आलेलं धुराडं. काही खाणीत अळंबी पिकवतात, काहीत वाइन ठेवतात. आत भिंतीवर छिन्नीचे तिरके घाव तसेच दिसतात, आणि बाहेर कितीही ऊन असलं तरी आत बारा-तेरा डिग्री, म्हणून स्वेटर न्याच. सोम्यूरच्या शेजारी अळंबीचं म्युझियम आहे, रोशमेनिए नावाचं अख्खं जमिनीखालचं गाव बघायला मिळतं, आणि काही खाणींमध्ये हॉटेलं आहेत, तिथे फुए मागवा. लाकडाच्या भट्टीत भाजलेली छोटी फुगलेली पाव-रोटी, गरम असताना फोडायची आणि आत भरायचं. रिएत म्हणून जे असतं ते डुकराचं, तेव्हा न खाणाऱ्यांनी आधीच सांगून पांढरा घेवडा, अळंबी आणि शेळीचं चीज घ्यायचं, पोट भरतं.

नदीवर काय करायचं? लुआर उथळ, मधे मधे वाळूचे पट्टे, त्यामुळे होड्या सपाट तळाच्या. जुन्या पद्धतीच्या लाकडी होड्या अजून फिरवतात, संध्याकाळची फेरी घ्या. तिथल्या व्यापाराची सोय बघण्यासारखी होती, वारा बहुतेक पश्चिमेकडून समुद्रावरून येतो म्हणून शीड लावून माल वर न्यायचा, आणि परत येताना प्रवाह आणतो. रेल्वे आली आणि ते बंद पडलं. पोहायला मात्र उतरू नका, आपल्याला खाडीत पोहायची सवय आहे वगैरे तिथे चालत नाही, वाळू पायाखालून सरकते, प्रवाह आतून ओढतो आणि बऱ्याच ठिकाणी बंदीच आहे. काठावरच्या गावात फिरताना जुन्या भिंतींवर पुराच्या पाण्याच्या रेघा आणि साल कोरलेलं दिसेल, १८४६, १८५६, १८६६. राजापूरच्या बाजारपेठेत पाणी बघितलेला माणूस त्या रेघेपाशी उभा राहून आपली उंची लावून बघतोच.

तोच पश्चिमेचा वारा सायकलवाल्यांनी लक्षात ठेवायचा. नदीकाठाने लुआर-आ-व्हेलो नावाचा जवळजवळ नऊशे किलोमीटरचा सायकल मार्ग आहे, खुणा लावलेल्या, चढ जवळपास नाही. सगळे समुद्राकडे जाणारी दिशा पकडतात आणि दिवसभर वारा तोंडावर घेतात. तुम्ही उलट करा, सकाळी ट्रेनने खाली जा आणि सायकल मारत वर या. भाड्याने बॅटरीवाली सायकल पण मिळते, साठीतल्या माणसाने लाजू नये. तूर ते व्हिलाँद्री वीसेक किलोमीटर, तेवढं पुरे.

या मार्गावर मधेच मोठे सिमेंटचे मनोरे आणि वर वाफेचे ढग दिसतात. अणुवीज केंद्रं. लुआरवर चार ठिकाणी मिळून बारा अणुभट्ट्या चालू आहेत, शिनाँजवळची पहिली भट्टी १९६३ मध्ये सुरू झाली, आणि सें-लोराँच्या केंद्रात १९६९ आणि १९८० मध्ये भट्टीतलं इंधन वितळलेलं आहे. जैतापूरला सहा भट्ट्या यायच्यात त्या फ्रेंचच, त्यामुळे आमच्या भागातल्या माणसाने, बाजूचा असो की विरोधातला, तिथे थांबून जरूर बघावं. शेजारी द्राक्षबागा आहेत, गळ टाकून बसलेली माणसं आहेत. काय ते आपलं आपण ठरवा.

जेवणाचं एक पक्कं लक्षात ठेवा, दुपारी बारा ते दोन आणि रात्री साडेसातनंतर, मधल्या वेळेत किचन बंद म्हणजे बंद. सोमवारी बरीच दुकानं उघडतच नाहीत. आंब्वाजला रविवारी सकाळी नदीकाठी मोठा बाजार भरतो, तिथून चीज-पाव-फळं घेऊन बाकावर बसा, हॉटेलच्या निम्म्या पैशात होतं. सेंत-मोर म्हणून शेळीच्या दुधाचं लांबट चीज मिळतं, बाहेरून राख लावलेली आणि मधून गवताची काडी घातलेली, काडी काढून मग खायचं. मासेवाल्यांनी साँद्र मागवा, नदीतला मासा आहे, वर लोण्याचा पांढरा सॉस घालतात. तिखट शोधू नका, मिळणार नाही, लसणीची चटणी बॅगेत टाका. आणि दुकानात शिरल्या शिरल्या आधी बाँजूर म्हणायचं, मग वस्तू मागायची. थेट भाव विचारलात की त्यांचा चेहरा बदलतो.

एखादा दिवस जास्त असेल तर आँजे शहराला जा. किल्ला बघायचाय अशी हौस असेल तर तो इथे आहे, तेराव्या शतकातला, सतरा बुरुज, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, आणि आत बायबलमधल्या जगाच्या अंताच्या गोष्टीचा चौदाव्या शतकातला विणलेला पडदा, शंभरेक मीटर उरलाय. रंग टिकावेत म्हणून खोलीत काळोख ठेवलेला असतो, डोळे सरावायला पाच मिनिटं द्या. आँजेहून पॅरिसला थेट फास्ट ट्रेन आहे, दीड तासाच्या आसपास, म्हणून हे शेवटच्या दिवशी ठेवलं तर परत तूरला यायची गरजच नाही.