प्रश्न मुलांचाच हवा

पदवीच्या वर्गाला संशोधन द्यायचं ठरवलंत, तर विषयांची यादी काढू नका. मी सुरुवातीला काढायची. मुलं त्यातला सोपा विषय उचलायची, आणि कुठल्याही अहवालावर कुणाचंही नाव खपलं असतं.

आता आधी एक तंत्र हातात देते. वनस्पतिशास्त्रातलं माझं आवडतं : पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिश लावायचं, वाळलं की चिकटपट्टीनं तो पापुद्रा अलगद सोलून काचपट्टीवर लावायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, मोजायची. हे सगळ्यांना जमतं. मग विचारायचं, यातून काय शोधावंसं वाटतं? पहिला प्रश्न अवाढव्य असतो : 'उन्हाचा झाडांवर काय परिणाम होतो?' तो मोडीत काढू नका. कुठलं झाड, किती पानं, तुलना कशाशी, एवढंच विचारत राहा. एकाच झाडाच्या उन्हातल्या आणि सावलीतल्या पानांपर्यंत मुलं आपली आपण येतात.

2008 साली अमेरिकेत सुरू झालेल्या सी-फेजेस उपक्रमात मुलं मातीतून जिवाणूभक्षी विषाणू शोधतात आणि आपल्या विषाणूचं नाव स्वतः ठेवतात. ज्याला आपण नाव ठेवलं, त्याच्यासाठी माणूस रात्र जागवतो.

वेळापत्रक आखताना बारा आठवडे असतील, तर पहिली मोजणी सहाव्यात संपवा. ती पुन्हा करावी लागणारच. माझ्याकडे एका जोडीनं एकच काचपट्टी पाहिली. एकीची रंध्रं 31, दुसरीची 24. उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी गप्प बसले. वीस मिनिटं वाद घालून त्यांनीच नियम केला : सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या वर्तुळाच्या वरच्या कडेवर अर्धवट दिसणारं रंध्र धरायचं, खालच्या कडेवरचं सोडायचं. मग सगळ्या पट्ट्या नव्यानं मोजल्या. अख्ख्या सत्रातला तोच खरा संशोधनाचा दिवस होता.

हे सगळं तासिकांतच बसवा. कॉलेज सुटल्यावर कामाला जाणारी मुलं 'संध्याकाळी प्रयोगशाळेत या' म्हटलं की आपोआप गळतात, आणि आपण त्यांना आवड नाही असं समजतो.

गुण निष्कर्षाला देऊ नका, नोंदवहीला द्या. तारीख, काय बदललं, का बदललं. त्या दोघींच्या वहीत '31' वर काट मारून शेजारी नियम लिहिला होता. मी पूर्ण गुण त्या पानाला दिले.