दगड ओळखीचा, पाणी अनोळखी: स्पोकेन भागात या चुका टाळा

स्पोकेन हे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं पूर्वेकडचं शहर. सिएटलहून तिकडे आय-90 महामार्गाने निघालं की कॅस्केड डोंगर ओलांडल्यावर झाडी विरळ होते आणि व्हँटेजपाशी कोलंबिया नदीच्या दोन्ही काठांना काळ्या बेसॉल्टचे थरावर थर दिसू लागतात. मी पारनेर तालुक्यात वाढलो. ते कडे पहिल्यांदा पाहिले तेव्हा थेट माळशेज आठवला. लाव्ह्याचेच थर, तसेच खांब. इथला दगड वयाने लहान, बहुतेक 1.7 ते 1.5 कोटी वर्षांपूर्वीचा. आपला दख्खनचा साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. पण या दगडावर पुढे जे घडलं, ते सह्याद्रीच्या वाट्याला कधी आलं नाही. म्हणूनच मराठी डोळा इथे फसतो. फिरायला आलेल्यांचं त्यात फारसं बिघडत नाही, जमीन घेऊन बोअर मारणाऱ्यांचं बिघडतं.

दरीचं श्रेय तिच्यातल्या नदीला देणं

निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे आपण पाहिलेले असतात. पाण्याच्या भोवऱ्यात गोटे फिरत राहिले आणि हजारो वर्षांत कातळ घासला गेला, हे शाळेपासून डोक्यात पक्कं बसलेलं. तोच हिशोब घेऊन माणूस ‘ड्राय फॉल्स’च्या कड्यावर उभा राहतो आणि गोंधळतो. साडेपाच किलोमीटर रुंद, सव्वाशे मीटरच्या आसपास उंच धबधब्याचा कडा, आणि त्यावरून थेंबही पडत नाही. आसपास तेवढी मोठी नदीही नाही.

हीच चूक नामवंत भूवैज्ञानिकांनीही केली होती. भूवैज्ञानिक जे. हार्लन ब्रेट्झ यांनी मात्र 1923 मध्ये मांडलं की हा प्रदेश एका प्रचंड पुराने सोलून काढला आहे. 1927 मध्ये वॉशिंग्टन डी.सी.च्या सभेत ज्येष्ठांनी ते धुडकावलं. भूरूपं सावकाश घडतात ही शिकवण पक्की होती आणि एवढं पाणी आलं कुठून, याचं उत्तर ब्रेट्झ यांच्यापाशी नव्हतं. उत्तर मोंटानात होतं. हिमयुगात कॅनडाकडून उतरलेल्या बर्फाच्या एका जिभेने क्लार्क फोर्क नदी अडवली होती आणि मागे तळं साचलं होतं. बांधापाशी पाणी सुमारे 600 मीटर खोल होतं, आणि साठा 2,000 घन किलोमीटरहून जास्त. आपल्या कोयनेच्या शिवसागरासारखी सातशे धरणं एकत्र भरलेली डोळ्यांपुढे आणा. तो बर्फाचा बांध फुटला की तळं काही दिवसांत रिकामं व्हायचं. भूवैज्ञानिक जोसेफ पार्डी यांनी 1942 मध्ये या तळ्याच्या तळाशी, कॅमस प्रेरीत, दहा मीटर उंचीच्या वाळू-गोट्यांच्या लाटा दाखवून दिल्या. ओढ्याच्या वाळूत बोटभर उंचीच्या लाटा उमटतात ना, तशाच. ब्रेट्झ यांना भूविज्ञानातलं मानाचं पेनरोझ पदक मिळालं 1979 मध्ये, नव्वदी उलटून गेल्यावर. त्यांनी बाळगलेल्या धीराबद्दल मला फार आदर वाटतो.

म्हणून इथलं भूरूप जमिनीवर उभं राहून ओळखू नका, आधी उपग्रहाचं चित्र उघडा. क्विन्सीजवळ कोलंबियाकाठच्या वेस्ट बारवरच्या पुराच्या लाटा खालून नुसत्या टेकड्या वाटतात, वरून पाहिलं की ओळखू येतात.

ग्रॅनाइटचा धोंडा दिसला की ‘इथे हिमनदी होती’ म्हणणं

बेसॉल्टच्या मुलखात परका धोंडा दिसला की ही शंका येणं साहजिक आहे. वॉटरव्हिलच्या पठारावर बर्फ खरोखर पोचला होता. पण दक्षिणेला, रॅटलस्नेक डोंगराच्या उतारावर पडलेले धोंडे हिमनगांत अडकून पुराबरोबर वाहत आले. पुराच्या वाटेवरची वॉलुला खिंड अरुंद. पाणी तिथे तुंबायचं आणि मागे तळं व्हायचं. हिमनग काठाला लागून वितळले, धोंडे तिथेच राहिले. त्या भागात ते ठरावीक उंचीच्या वर सापडत नाहीत, ही ओळखीची खूण. हिमनदी पाण्याची पातळी पाहून थांबत नाही.

आणि पूर एकच आला असंही समजू नका. वॉला वॉलाजवळच्या बर्लिंगेम घळीत गाळाचे सुमारे चाळीस थर एकावर एक आहेत आणि मध्येच माउंट सेंट हेलेन्सची राख आहे. राख स्वच्छ थरात बसायला दोन पुरांमध्ये कोरडा काळ लागतो.

जमीन पाणी गाळून घेईल यावर विसंबणं

सगळ्यात घातक चूक ही. आमच्याकडे काळी माती, मग मुरूम, मग कातळ. वरचं पाणी खाली जायला वेळ लागतो. स्पोकेनच्या खोऱ्यात मात्र त्याच पुरांनी गोटे, धोंडे आणि जाड वाळू भरून ठेवली आहे. पहिल्या उन्हाळ्यात मी हिरवळीवर भरपूर खत टाकलं. शेजारच्या आजोबांनी काही न बोलता कुंपणापाशी खड्डा खणला. दोन फुटांखाली मुठीएवढे, डोक्याएवढे गोटे. त्यांनी बादलीभर पाणी ओतलं, ते दिसेनासं व्हायला क्षण लागला.

त्याच गोट्यांमध्ये स्पोकेन आणि शेजारच्या आयडाहोतल्या पाच लाखांहून जास्त लोकांचं पिण्याचं पाणी आहे. केंद्र सरकारने 1978 मध्ये या जलधराला, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याच्या साठ्याला, पिण्याच्या पाण्याचा ‘एकमेव स्रोत’ ठरवलं. मध्ये चिकणमातीचं झाकण जवळपास नाहीच, आणि पाणी काही भागांत दिवसाला 15 मीटरपर्यंत सरकतं. भूजलासाठी हा वेग फार मोठा आहे. तेव्हा सेप्टिक टँक वेळेवर उपसा, गाडीचं ऑइल मातीत ओतू नका, खत मोजून टाका. स्वतःची विहीर असेल तर दरवर्षी कोलिफॉर्म जिवाणू आणि नायट्रेटची तपासणी करा. नायट्रेट नायट्रोजनच्या मापात लिटरला 10 मिलिग्रॅमच्या वर गेलं तर ते पाणी तान्ह्या बाळाला अजिबात देऊ नका. उकळल्याने ते कमी होत नाही, उलट दाटतं.

‘अजून खोल जाऊ, पाणी लागेल’

हे वाक्य मराठवाड्यात ऐकलं तेच वॉशिंग्टन राज्यातल्या ओडेसा भागात ऐकू येतं. तिथे गोटे नाहीत, बेसॉल्ट आहे, आणि पाणी दोन लाव्हा थरांच्या सांध्यात, फुटक्या-सच्छिद्र भागात असतं. आपल्याकडच्यापेक्षा हे सांधे लांबवर सलग जातात, म्हणून सुरुवातीला पाणी जोरात मिळतं. पण खोलवरचं बरंचसं पाणी दहा हजार वर्षांहून जुनं आहे. आजच्या पावसाने ते भरून येत नाही. दशकानुदशकं उपसा करून पातळी शेकडो फूट खाली गेली, म्हणून आता शेतीला कोलंबियाचं कालव्याचं पाणी देण्याचं काम चालू आहे.

बोअर मारण्याआधी राज्याच्या पर्यावरण विभागाच्या नोंदींत शेजारच्या विहिरींचे अहवाल वाचा. कुठल्या खोलीला काय लागलं, ते ड्रिलरला लिहून द्यावंच लागतं. केसिंगवर, म्हणजे बोअरमध्ये बसवायच्या पाइपवर, पैसे वाचवू नका. अपुऱ्या केसिंगने दोन थर जोडले गेले, की वरच्या थराचं पाणी बोअरमधून खालच्या थरात पडत राहतं आणि शेजाऱ्याची उथळ विहीर आटते.

नदी आणि विहीर वेगळी समजणं

स्पोकेन नदी कर ड’अलेन तळ्यातून निघते. राज्याच्या सीमेपासून फ्लोरा रस्त्यापर्यंत ती खोऱ्यातल्या त्या गोट्यांना, म्हणजे जलधराला, पाणी देत जाते, सलिव्हन रस्त्यापासून पुढे गोटे तिला परत देतात. खात्री करायची असेल तर ऑगस्टच्या दुपारी दोन्हीकडे पाय बुडवून पाहा. वरच्या बाजूला पाणी कोमट लागेल. सलिव्हनपाशी काठाच्या खडीतून येणारं पाणी इतकं थंड, की पाय फार वेळ ठेवता येत नाही. तिथले ट्राउट मासे उन्हाळा त्याच गारव्यात काढतात.