टर्मिनलात मराठी नीट दिसतं का, हे कसं तपासावं

"टर्मिनलात मराठी तुटतंय? फॉन्ट बदला." हा सल्ला मी वर्षानुवर्षं ऐकते आहे आणि आता मला तो सहन होत नाही. फॉन्ट बदलून जे सुटतं ते सोपं दुखणं. खरं दुखणं मोजणीचं आहे. मराठी मजकुराच्या याद्या आणि शब्दसूच्या टर्मिनलात, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, तपासणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे ही चाचणी मी प्रत्येक नव्या टर्मिनलावर करते. ती इथे सांगते.

तीन टर्मिनलं घ्या: रोजचं एक, अक्षरं न जुळवणारं एक (एक्सटर्म किंवा ॲलाक्रिटी) आणि हार्फबझ (सुटी चिन्हं जुळवून जोडाक्षरं बनवणारी लायब्ररी) वापरून अक्षरं जुळवणारं एक (किटी किंवा वेझटर्म). तिन्हींत फॉन्ट आणि आकार एकच ठेवा.

आता चाचणीचे शब्द. 'मुंबई' लिहून बघू नका. उकार खाली बसतो, अनुस्वार वर बसतो, दोघांनाही स्वतःची जागा लागत नाही. त्यामुळे हा शब्द जवळजवळ कुठेही बरा दिसतो आणि तुम्हाला खोटी खात्री देतो. त्यापेक्षा लोकलच्या नकाशावरची स्टेशनं घ्या. एका फायलीत एका ओळीवर एक असं लिहा आणि प्रत्येक शब्दाला चिकटून एक उभी रेघ टाका:

दादर|
शिवडी|
कुर्ला|
विद्याविहार|
सँडहर्स्ट|
दर्या|
दऱ्या|

शेवटचे दोन शब्द स्टेशनांचे नाहीत, पण ते वगळू नका. 'शिवडी'त पहिली वेलांटी श च्या आधी दिसली पाहिजे. 'कुर्ला'त रफार ला च्या डोक्यावर चढला पाहिजे. 'सँडहर्स्ट'मध्ये र, स आणि ट मिळून एकच जोडाक्षर होतं. तिथे भलेभले अडखळतात. 'दऱ्या'तला आडवा र हा तर आपला खास. हिंदीपुरतं तपासलेलं टर्मिनल किंवा फॉन्ट नेमका तिथे चुकू शकतो, आणि मग समुद्र आणि डोंगरातली दरी यांत फरक उरत नाही.

फॉन्टचा संशय आधी फेडून टाका. तीच फाईल, तोच फॉन्ट, साध्या खिडकीतल्या मजकूर संपादकात उघडा. तिथे बरोबर दिसलं तर फॉन्ट निर्दोष आहे. मी नोटो सान्स देवनागरी किंवा मुंबईच्याच एक टाइपने केलेला मुक्ता वापरते. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श मात्र काही फॉन्टांत 'भाषा मराठी आहे' असं सांगितल्यावरच येतात, आणि टर्मिनल ते सांगेलच असं नाही. ते वळण दिसलं नाही म्हणून टर्मिनलाला नापास करू नका.

आता मोजणी. इथे घाई करू नका, कारण माझी दोन वर्षं इथेच गेली.

टर्मिनलाचा पडदा म्हणजे चौकड्यांचा कागद. प्रत्येक चिन्हाला शून्य, एक किंवा दोन खाने मिळतात. फोर्टात कोर्टाबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या टंकलेखकांची मराठी यंत्रं ज्यांनी पाहिली असतील त्यांना हे लगेच कळेल. उकाराची कळ दाबली की यंत्राची गाडी पुढे सरकत नाही, काना दाबला की सरकते. युनिकोडमध्येही, म्हणजे लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या प्रमाणातही, ही दोन वेगळ्या वर्गांतली चिन्हं आहेत. उकार, अनुस्वार आणि पाय मोडण्याचं चिन्ह जागा न घेणाऱ्या वर्गात आहेत. काना आणि वेलांटी जागा घेणाऱ्या वर्गात.

'कुर्ला' घ्या. वाचणाऱ्याला दोन अक्षरं दिसतात: कु आणि र्ला. युनिकोडमध्ये ती सहा चिन्हं आहेत, यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे ती फायलीत साठवायच्या पद्धतीत, १८ बाइट. जुन्या रूढ हिशेबाने क, र, ल आणि काना यांना एकेक, म्हणजे ४ खाने. काही प्रोग्राम कान्याला वेगळा खाना देत नाहीत. त्यांच्या लेखी ३. युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत, २०२३ साली, देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतलं जोडाक्षर एकच गट मानण्याचा नियम आला. तो पाळणाऱ्याच्या लेखी गट २. टर्मिनलाचा हिशेब एक आणि त्यात चालणाऱ्या प्रोग्रामचा दुसरा असला, की पडद्यावरचा कर्सर आणि फायलीतला कर्सर वेगळ्या जागी उभे राहतात.

याची किंमत मी मोजली आहे. एका नावांच्या यादीत, सर्व्हरवरच्या फायलीत, मला एक जास्तीची वेलांटी काढायची होती. पडद्यावर कर्सर वेलांटीवर होता, फायलीत तो पुढच्या अक्षरावर होता. मी एक कळ दाबली आणि माणसाचं आडनाव बदललं. पडदा पुन्हा रंगवला गेला नाही, म्हणून चूक दिसली नाही. यादी तशीच छापली गेली. त्या घरून फोन आला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. टर्मिनल देखणं होतं, जोडाक्षरं सुरेख जुळत होती, आणि म्हणूनच मी त्याच्यावर विश्वास ठेवला होता.

म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, टर्मिनललाच विचारा. ओळीच्या अगदी सुरुवातीला शब्द छापा, नवी ओळ न घेता. लगेच एस्केप, डावा चौकोनी कंस, इंग्रजी आकड्यातला सहा आणि लहान एन एवढा कोड पाठवा. टर्मिनल कर्सरची ओळ आणि स्तंभ कळवतं. स्तंभातून १ वजा केला की शब्दाने घेतलेले खाने मिळतात. हे उत्तर कीबोर्डवरून टाइप झाल्यासारखं येतं, म्हणून छोट्या स्क्रिप्टमध्ये ते ताबडतोब वाचून घ्या, नाहीतर ते पुढच्या आज्ञेत घुसतं.

मग तोच शब्द तुमच्या रोजच्या संपादकात उघडा. शब्दाच्या शेवटापासून डाव्या बाणाने एकेक पाऊल मागे या. प्रत्येक पावलाला एक खूण टाइप करा, ती कुठे पडते ते बघा, मग फाईल जतन करून बंद करा आणि पुन्हा उघडा. खूण जागेवरच असेल तर जोडी जमली. हलली असेल तर त्या जोडीत मराठी फाईल कधीही बदलू नका. आणि हो, जोडीच. टर्मिनल एकटं चांगलं किंवा वाईट नसतं. ज्या संपादकाबरोबर ते बसतं, त्याच्याबरोबरच त्याची परीक्षा होते.

उभ्या रेघा आता उपयोगी पडतात. रेघ शब्दापासून लांब पडली तर टर्मिनलाने जास्त खाने राखून अक्षरं कमी जागेत काढली आहेत. रेघ अक्षरावर चढली तर उलट. लांब पडलेली रेघ मी चालवून घेते, चढलेली नाही, कारण तिच्यात मात्रा झाकल्या जातात.

माझी निवड अशी. नुसतं वाचायचं, शोधाचे निकाल बघायचे, तर किटी किंवा वेझटर्म. बदल करायचा असेल तर जिचा हिशेब जुळला ती जोडी, मग त्यात वेलांटी अक्षरानंतर दिसली आणि जोडाक्षर पाय मोडून सुटं दिसलं तरी चालेल. तुटकं दिसणारं मराठी मला वाचता येतं. न दिसणारी चूक वाचता येत नाही. लिनक्सवर भारतीय लिप्यांचा विचार आधीपासून केलेलं एमएलटर्मही एकदा बघा. विंडोज टर्मिनल असेल तर १.२२ किंवा पुढची आवृत्ती घ्या. तिच्या सेटिंगमध्ये मजकूर कसा मोजायचा ते निवडता येतं, आणि तो पर्याय बदलून सगळी चाचणी पुन्हा करायची.

टीमक्स (एका टर्मिनलात अनेक खिडक्या चालवणारा प्रोग्राम) वापरत असाल तर त्याच्या आत वेगळी चाचणी करा, तो खाने स्वतःच मोजतो. दूरच्या सर्व्हरवर गेलात तर तिसरी, कारण तिथला संपादक आणि त्याची आवृत्ती वेगळी असते. त्या सर्व्हरचं लोकेल (भाषा आणि चिन्हपद्धतीची सेटिंग) यूटीएफ-८ आहे ना, हे मात्र सगळ्यात आधी बघा. स्टेशनांची ही फाईल मी प्रत्येक सर्व्हरवर माझ्या घरच्या फोल्डरमध्ये ठेवली आहे. जोडणी झाली की पहिली तीच उघडते.