परड्यातली कलौंजी

कलौंजी पेरायची घाई नवरात्रात करू नका. आमच्या बेळगावला दसऱ्यानंतरही पाऊस एखाददुसरी फेरी मारून जातो, आणि कोवळ्या रोपाच्या मुळाशी पाणी थांबलं की ते बुडातून कुजून आडवं पडतं. मी दिवाळी आटोपली की पेरते. तुळशीच्या लग्नापर्यंत बी मातीत गेलेलं बरं. त्याहून उशीर केलात तर फुलोरा उन्हाळ्यात सापडतो आणि बोंडं निम्मी पोचट राहतात.

बियाण्याला वेगळा खर्च नाही. किराणा दुकानातली कलौंजी उगवते, फक्त ती भाजलेली किंवा फार जुनी नसावी. काही जण कलौंजीलाच कांद्याचं बी म्हणतात, पण ‘कांद्याचं बी द्या’ म्हणून मागू नका, खरंच कांद्याचं बी हातात पडायचं. तेही काळं आणि कोनेदारच असतं, वर पेरणीसाठी औषध लावलेलं असेल तर खायच्या कामाचं नाही. दुकानदार कानडी असेल तर करीजिरगी म्हणा, पण दोन दाणे नखाने चिरडून वास घेतल्याशिवाय पुडी बांधून घेऊ नका. कलौंजीचा वास ओव्याच्या वाटेने जाणारा, थोडा मिरमिरीत असतो. घरी आल्यावर चिमूटभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून अंधारात ठेवा. आठ-पंधरा दिवसांत मोड दिसले की बाकीचं निर्धास्त पेरा.

जमिनीचं म्हणाल तर खानापूरकडच्या तांबड्या मातीला फार काही करावं लागत नाही, कुजलेलं शेणखत मिसळलं की झालं. निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या रानात मात्र वीतभर उंच गादीवाफा करा आणि वाळू घाला. कुंडी घेणार असाल तर फूटभर खोल घ्या, कारण याचं मूळ सरळ खाली जातं. त्याच कारणाने रोप तयार करून लावायच्या भानगडीत पडू नका, जागेवरच पेरा. ऊन दिवसभर हवं. आंब्याखालची रिकामी जागा बघून मोह होतो, पण तिथे नुसता पाला वाढेल.

ओळी फूटभर अंतरावर पाडा. बी कोरड्या वाळूत कालवून टाका म्हणजे एका जागी ढीग पडत नाही. वर जेमतेम अर्ध्या बोटाच्या जाडीइतकी माती सारा आणि झारीने हलकं पाणी द्या. नळी लावाल तर बी वाहून एका कोपऱ्यात जमेल. उगवायला दोन आठवडे लागतात, तोवर वाफा उकरून बघू नका. आमच्या शेजारच्या अक्का रोज येऊन ‘अजून काय नाही की ओ’ म्हणायच्या, त्यांचं ऐकलं असतं तर मी तिथे मेथी टाकून मोकळी झाले असते. रोपं बोटभर झाली की विरळणी करा, दोन रोपांत चार-पाच इंच अंतर ठेवा. पानं शेपूसारखी बारीक असतात, म्हणून पहिल्या महिन्यात तण वेळेवर काढलं नाही तर पीक त्यात हरवतं. पाणी माती वरून सुकल्यावरच. शेंड्यावर मावा दिसला तर लिंबोळी अर्क फवारा, तोही संध्याकाळी. फुलं आल्यावर मधमाश्या दिवसभर तिथेच असतात.

संक्रांतीच्या सुमारास फिकट निळी, पांढुरकी फुलं येतात. पाकळ्या गळल्या की मधला भाग फुगतो आणि त्यावर वाकडी शिंगं उभी राहतात. एक बोंड मधेच फोडून बघा: आत कप्पे असतात आणि कच्चा दाणा पांढरा असतो. तो काळा व्हायला लागला की पाणी तोडायचं.

खरं काम इथून पुढे आहे. बोंडं एकदम पिकत नाहीत, मधल्या शेंड्याची आधी, फांद्यांची मागाहून. हिरवट बोंड काढलं तर दाणा सुरकुततो, आणि पूर्ण वाळेपर्यंत थांबलात तर शिंगांच्या बुडाशी चिरा उघडून बी वाफ्यातच सांडतं. बोंड पिवळट तपकिरी झालं, हलवल्यावर आत खुळखुळलं, पण तोंड अजून मिटलेलं आहे, तेव्हा तोडा. तेही सकाळी दव असताना, कारण ओलसर बोंड फुटत नाही. दुपारी नुसता धक्का लागला तरी दाणे उडतात. शिमग्याच्या आगेमागे मी एक दिवसाआड परड्यात फेरी मारते आणि पिकतील तशी बोंडं जुन्या लुगड्यावर पसरते. ओलं असताना ढीग घालू नका, बुरशी धरते.

सावलीत आठवडाभर वाळली की कापडी पिशवीत घालून लाटण्याने हलके ठोका. सुपात पाखडा, मग बारीक चाळणीने चाळा. दाणे परत दोन दिवस पसरून ठेवा आणि काचेच्या बरणीत भरा. दाताखाली कट्कन तुटला तर वाळला, चेपला तर नाही. पुढच्या वर्षाच्या बियाण्यासाठी मधल्या शेंड्याची मोठी बोंडं आधीच बाजूला काढा, नाहीतर लोणच्याच्या दिवसांत सगळी बरणी रिकामी होते.