एंटरप्राइजच्या तबकडीवरील खोल रेषा पुटीतून पुन्हा डोकावणे: माझा अनुभव

‘स्टार ट्रेक’च्या मूळ मालिकेसाठी वापरलेल्या एंटरप्राइज या अंतराळयानाच्या सुमारे 11 फुटी प्रतिकृतीच्या तबकडीवर (यानाच्या पुढच्या गोल भागावर) वरच्या बाजूने जाळीच्या रेषा पेन्सिलीने आखलेल्या आहेत, माझ्या प्लास्टिकच्या जोडणी-किटमध्ये मात्र त्या खोल कोरलेल्या होत्या आणि त्यामुळे यानाचा भव्य आकारच हरवत होता. ट्यूबमधील मॉडेल-पुटीने (फटी भरण्याच्या लुकणाने) त्या बुजवल्या, तरी द्रावक उडून पुटी आक्रसली आणि रंगाखालून रेषा पुन्हा दिसू लागल्या. जाड प्रायमरच्या थरांनीही फरक पडला नाही. गुळगुळीत वाटणारा पृष्ठभाग रंग देताच पुन्हा रेखाटलेला दिसे, ते फार जिव्हारी लागे.

अखेर हा क्रम उपयोगी पडला. मध्यम घट्टपणाच्या सायनोअॅक्रिलेट गोंदात (सुपरग्लूमध्ये) टाल्कम पावडर मिसळून ते मिश्रण रेषांत किंचित उंचवटा राहील इतके भरले. ते कडक होताच, म्हणजे तासाभराच्या आत, ठोकळ्याला गुंडाळलेल्या 320 व नंतर 600 क्रमांकाच्या ओल्या पॉलिशपेपरने घासले. उशीर केल्यास गोंद प्लास्टिकपेक्षा टणक होतो आणि शेजारचे प्लास्टिकच आधी झिजते. मग काळ्या रंगाचा विरळ फवारा मारून पुन्हा घासले, कारण खळग्यात उरलेला काळा रंग उणीव लगेच दाखवतो. त्यानंतरच प्रायमर आणि मॅट करडा रंग दिला.

जाळीच्या रेषा मूळ यानासारख्या पेन्सिलीने आखायच्या होत्या. वर्तुळांसाठी प्लास्टिकची पट्टी तबकडीच्या मध्यावर टाचणीने अडकवून तिच्या छिद्रातून टोकदार कठीण पेन्सिल फिरवली आणि त्रिज्या लवचीक पट्टीने, हात हलका ठेवून आखल्या. शेवटी मॅट वार्निशचे विरळ फवारे दिले. एकदम ओला थर दिल्यास पेन्सिलीचे शिसे पसरते.